नवी वेळ, जुनी वेळ

रमजानच्या पहिल्या दिवशी सी मफद्दलना काही विचारायचं नाही, हा आमच्या ऑफिसात कुणी न लिहिलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम आहे. वर्षाचे बाकीचे महिने हा माणूस एका सिगारेटीवर दुसरी पेटवतो आणि मधल्या वेळात कॉफी पितो. पहाटेपासून दोन्ही बंद झालं की दुपारपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. आमच्याकडे अशा माणसाला म्रमदन म्हणतात, म्हणजे ज्याच्या अंगात रमजान शिरलाय असा. पहिल्या दिवशी आमचं निम्मं मेकनेस शहर म्रमदन असतं. चौकाचौकात भांडणं होतात आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडतात. मीही काही फार गोड नसते, पण मला सिगारेटचं निमित्त नाही. माझा स्वभावच तसा आहे.

ऑफिस तिघांचं. मालक मफद्दल, ज्यांना आम्ही सी, म्हणजे साहेब, म्हणतो; मी बतूल, आणि झुहैर. दुसऱ्यांच्या मशीन लांबून सांभाळायच्या हा आमचा धंदा. त्या बहुतेक लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीन असतात. एका मोठ्या लोखंडी पेटीत पाच-सहा भाडेकरू, आणि प्रत्येकाची समजूत अशी की घर आपल्या एकट्याचं आहे. आम्ही त्यांच्या जवळ कधी जात नाही. खुर्चीत बसून एसएसएचने आत शिरायचं, काळ्या खिडकीत चार ओळी लिहायच्या, काम झालं की बाहेर पडायचं. माझ्या आईला मी हे बरीच वर्षं समजावतेय. तिच्या मते मी टेलिफोन खात्यात आहे.

गावाबाहेर वायरींचा एक कारखाना आहे. मोटारीच्या पोटात वायरींचे जे जुडगे असतात ते तिथे बांधतात. हॉल भलामोठा आणि खिडकी एकही नाही. मोबाईल फाटकावर जमा करायचे. अंगठ्या आणि घड्याळं काढून ठेवायची, कारण वायरीला ओरखडा पडतो. भिंतीवरचं घड्याळ कुठल्याशा साहेबाने उतरवलं, त्याच्या मते घड्याळाकडे बघणारा हात हळू चालतो. तेव्हा बाहेर सूर्य मावळला हे आत कळायला एकच वाट उरते. रमजानात मगरिबची वेळ झाली की तिथली एक मशीन हॉलच्या स्पीकरवर अजान वाजवते, पट्टे थांबतात आणि संध्याकाळच्या पाळीच्या बायका तोंडात खजूर टाकून रोजा सोडतात. मशीन म्हणाली मावळला, की मावळला. ती मशीन सांभाळायला आमच्याकडे असते.

आणि त्या पाळीत झुहैरची आई असते. मबारका तिचं नाव; आम्ही मानाने लल्ला मबारका म्हणतो. मागच्या वर्षी तिचं मोठं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोजे बंद केले, एकही धरू दिला नाही. ती महिनाभर स्वयंपाकघराचं दार लावून जेवायची आणि जेवताना रडायची, असं झुहैरने मला एकदा सांगितलं होतं. या वर्षी डॉक्टर हो म्हणाले. गेले आठ-पंधरा दिवस झुहैर दुसरं काही बोलतच नव्हता. आई रोजा धरणार, आई रोजा धरणार. लेकीचं लग्न काढल्यासारखा तोरा. त्या दिवशी सकाळी त्याने आईचे खजूर स्वतः निवडून पुडीत बांधून दिले होते.

तर असा तो पहिला दिवस. दुपार कलली होती. रमजानात सगळी ऑफिसं लवकर सुटतात, पण सी मफद्दल पहिल्या दिवशी आम्हाला थांबवून घेतात. कारखान्याची अजान नीट वाजली की इथेच रोजा सोडायचा आणि मग घरी जायचं, अशी पद्धत आहे. ते आपल्या खोलीतून बाहेर आले. डोळे लाल, हातात न पेटवलेली सिगारेट. रमजानात ते ती नुसती हुंगतात.

"काय रे, कारखान्याच्या मशीनला नवी वेळ लावलीस ना?"

"लावली, सी मफद्दल," झुहैर खुशीत म्हणाला. "सकाळी तुमचा फोन आला तेव्हाच लावली. मशीन जुन्या वेळेवर चालली होती. मी एक तास पुढे केली."

सी मफद्दलच्या हातातली सिगारेट खाली पडली.

इथे थोडं सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी सरकारने आमची घड्याळं एक तास पुढे ढकलली आणि तशीच ठेवली. या वेळेला लोक नवी वेळ म्हणतात. त्याआधीची ती जुनी. लग्नाचं आमंत्रण असो नाहीतर दाताचा डॉक्टर, कुणीही वेळ सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: जुनी की नवी? फक्त रमजानापुरतं सरकार आम्हाला जुनी वेळ परत देतं आणि ईद झाली की काढून घेतं. म्हणजे रमजान लागला की जी वेळ नव्याने लागते ती जुनी.

"अरे गाढवा, मी नवी म्हणालो!" सी मफद्दल ओरडले.

"नवीच लावली की!"

"नवी म्हणजे रमजानची! या रविवारी जी लागली ती!"

"ती जुनी वेळ झाली, सी मफद्दल."

"जुनी कशी? परवा तर लागली!"

"परवा लागली, पण आहे जुनी. तुम्ही गावात कुणालाही विचारा."

"मी गावाला विचारू? माझ्या पगारावर बसून मला गावात पाठवतोस?"

मी मध्ये पडले, कारण हे भांडण ईदपर्यंत चाललं असतं. "झुहैर, मशीन आपण होऊन रमजानच्या वेळेवर गेली होती ना?"

"हो ना. तेच तर. मी पुढे करायचो आणि ती परत मागे यायची. हट्टीच आहे. शेवटी मी तिचं बाहेरच्या, इंटरनेटवरच्या घड्याळांकडे बघणंच बंद करून टाकलं. मग बसली गप."

मशीनला सगळं बरोबर कळत होतं. तिला बिचारीला दोन माणसांनी मिळून चुकवलं होतं, एकाने सांगून आणि एकाने ऐकून.

"म्हणजे अजान..." झुहैर म्हणाला आणि थांबला. मग त्याचा चेहरा उतरत गेला. "एक तास आधी वाजणार."

"हो."

"आई."

  तो सगळा हॉल आपला एक रोजा दुसऱ्या दिवशी भरून काढेल, मनातल्या मनात आम्हाला शिव्या देईल आणि विसरेल. पण मबारका वर्षभर या एका दिवसाची वाट बघत होती. तिचाच मुलगा तिच्या तोंडात दिवसाउजेडी खजूर घालणार होता, तोही स्वतः निवडलेला.

"रडू नकोस," मी म्हटलं. "एका ओळीचं काम आहे. आत शिर, घड्याळ पुन्हा बाहेरच्या घड्याळांना जोड, बाहेर पड."

आत शिरण्याची रीत अशी: आमची किल्ली, म्हणजे एक लांबलचक गुप्त फाईल, आमच्या कॉम्प्युटरवर असते. मशीन आधी ती बघते. ती पटली की सहा आकडे मागते. हे आकडे सी मफद्दलच्या मोबाईलवर उमटतात आणि थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतात. आकडे आमच्याही मोबाईलवर घेता येतील असं मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. त्यांनी दर वेळी ऐकून घेतलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

झुहैरने हाक मारली. मशीनने किल्ली बघितली, मान्य केली, आकडे मागितले. सी मफद्दलनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून आकडे वाचले. झुहैरने ते टाइप केले.

परवानगी नाही.

"नीट वाचा, सी मफद्दल."

"मी नीटच वाचतो. तू नीट दाब."

पुन्हा आकडे. परवानगी नाही. मग सी मफद्दलनी चष्मा लावला. परवानगी नाही. मग मोबाईल झुहैरच्या हातात द्यायला ते तयार होईनात आणि झुहैर आकडे कानांनी घ्यायला तयार होईना. दोघांची ओढाताण चालली तोवर मी कारखान्याला फोन लावला.

फोन उचलला फाटकावरच्या बा अल्लालने. आवाजावरून त्याला मी झोपेतून उठवलं होतं.

"बा अल्लाल, मी बतूल, स्पीकरवाल्या ऑफिसातून. आत हॉलमध्ये कुणाला तरी निरोप द्या, आजची अजान वाजली तरी रोजा सोडू नका म्हणावं."

 मग तो म्हणाला, "पोरी, तू मुसलमानाची ना?"

"अहो, अजान चुकीच्या वेळी वाजणार आहे!"

"मग ती चुकीची वाजवू नका. तुमच्याच हातात आहे ना?"

"हातात असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता? आत जाऊन सांगा ना कुणाला तरी."

"मला आत जायचा हुकूम नाही. मी फाटकाचा माणूस."

"बरं, तिथल्या मशीनच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"इंजिनियरकडे. तो गेला घरी. बायकोने हरिरा करायला घेतलाय म्हणाला."

"त्याचा नंबर द्या."

"नंबर ऑफिसात आहे. ऑफिस बंद. रमजान आहे, पोरी." मग तो जरा नरमला. "सांगतो मी कुणाला तरी. पाळी सुटली की."

पाळी सुटणार होती रात्री. मी त्याचे आभार मानले, त्या दिवसातलं माझं हे एकमेव पुण्यकर्म, आणि फोन ठेवला.

इकडे नवीनच झालं होतं. झुहैर म्हणाला, "आता तर ती आकडेही मागत नाही. हाक मारली की सरळ नाही म्हणते."

"किती वेळा टाकलेस?"

 मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहिलं. आकडे चुकले की मशीन परवानगी नाही म्हणते. म्हणजे दार उघडून, चेहरा बघून नको म्हणते. आता ती दारच उघडत नव्हती. सारखी चुकीची हाक येते म्हटल्यावर तिने आमच्या ऑफिसचा पत्ता काळ्या यादीत टाकला होता. चोर समजून. ही शिस्त तिला मीच लावली होती आणि त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

"सरका," मी म्हटलं. "ऑफिसचं इंटरनेट सोड. माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला लाग. पत्ता बदलेल. पण माझ्या आणि तुझ्या मोबाईलचे पत्तेही गेले तर राहिला फक्त सी मफद्दलचा, आणि त्यावर आकडे येतात. तेव्हा आता मी सांगितल्याशिवाय एकही आकडा दाबायचा नाही. कुणीही."

"मशीनसुद्धा म्रमदन झालीय," सी मफद्दल पुटपुटले. "कुणाचं ऐकून घेत नाही."

खरं तर मला भूक लागली होती, डोकं ठणकत होतं, आणि त्या दोघांकडे बघून दोघांनाही एकेक लगावून द्यावीशी वाटत होती. झुहैर खुर्चीच्या टोकावर बसला होता, हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे ते की-बोर्डकडे जाऊ नयेत. सारखा खिडकीच्या पडद्यांकडे बघत होता. आमच्या ऑफिसला पश्चिमेची खिडकी आहे. दुपारनंतर ऊन थेट कॉम्प्युटरवर येतं म्हणून आम्ही जाड पडदे ओढून घेतो. पडद्याच्या कडेने उन्हाची एक रेघ भिंतीवर पडली होती आणि ती वर सरकत चालली होती.

"तिला पहिला दिवस परत मिळणार नाही," तो म्हणाला. "बाकीचे मिळतील. पहिला नाही."

मी त्याला गप्प बस म्हणणार होते. म्हणवलं नाही. मला त्याची फार दया आली, आणि भीतीही वाटली, कारण मला अजून काही कळलेलं नव्हतं.

मी सी मफद्दलचा मोबाईल मागितला. त्यांनी तो हातात न देता माझ्या डोळ्यांसमोर धरला. सहा आकडे, बाजूला एक छोटं वर्तुळ. वर्तुळ हळूहळू रिकामं होत गेलं, रिकामं झालं, आकडे बदलले. पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं व्हायला लागलं. मी ते बघत राहिले. हा मोबाईल त्या मशीनशी बोलत नाही. कधीच बोललेला नाही. अगदी सुरुवातीला दोघांनी मिळून एक गुपित ठरवलं, त्यानंतर दोघं आपापल्या जागी बसून, आपापलं घड्याळ बघून, तेच एक गणित करतात. घड्याळ तेच असेल तर उत्तर तेच येतं.

"अगं बाई," मी म्हटलं.

"काय?"

"मशीनचं घड्याळ एक तास पुढे आहे."

"ते माहितीये! त्याच्यासाठीच तर..."

"म्हणून आकडे जुळत नाहीत. ती एका तासानंतरचे आकडे मागतेय आणि आपण आत्ताचे देतोय. घड्याळ दुरुस्त करायला आत जायचं, आणि आत जायला घड्याळ बरोबर हवं."

झुहैरने डोकं टेबलावर ठेवलं. सी मफद्दलनी दुसरी सिगारेट काढून हुंगली. दोघांनाही वाटलं मी शेवटचं सांगितलं. मला मात्र एकदम बरं वाटलं, कारण कुठे दुखतंय ते कळलं होतं.

"मशीन खरी होत नाही ना, मग आपण खोटं व्हायचं," मी म्हटलं. "सी मफद्दल, मोबाईलचं घड्याळ एक तास पुढे करा. म्हणजे मोबाईलही तिच्यासारखाच चुकेल आणि तिच्यासारखेच आकडे देईल."

सी मफद्दलनी मोबाईल छातीशी धरला. "रोज्यात? मोबाईलला खोटं बोलायला लावू?"

"घड्याळ आहे ते, सी मफद्दल."

"खोटं ते खोटं. उपाशी राहून पुण्य जमवायचं आणि संध्याकाळी असलं काही करून घालवायचं? आधीच आज मी त्याला गाढव म्हणालो, ते एक आहेच."

"आत्ताचं धरून दोनदा म्हणालात," झुहैर टेबलावर डोकं ठेवूनच म्हणाला.

"तिकडे अख्खा हॉल तुमच्या नावाने दिवसाउजेडी जेवेल, त्याचं काय?" मी विचारलं.

"माझ्या नावाने का? लावली याने!"

"सांगितली तुम्ही. आणि खोटं कसलं? तुम्हीच म्हणालात ना, नवी वेळ लावा? मग मोबाईलला नवी वेळ लावा. सरकारची आहे. ईदनंतर सगळा देश तीच लावणार आहे. आपण जरा आधी लावतोय, इतकंच."

 ते यावर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "लल्ला मबारकासाठी करा."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी आपोआपची वेळ बंद केली, हाताने एक तास पुढे केला. झुहैरने हाक मारली. मशीनने दार उघडलं, किल्ली बघितली, आकडे मागितले. मी आकडे वाचले, त्याने सावकाश दाबले.

परवानगी नाही.

 झुहैरने माझ्याकडे पाहिलं आणि मला त्याच्याकडे बघवेना. मी मोबाईलच पाहत राहिले, आणि मग लक्षात आलं. हाताने वेळ लावली की तास लागतो, मिनिट लागतं, सेकंद मात्र शून्यापासून सुरू होतात. मी मिनिटाच्या मधेच बटण दाबलं होतं, त्यामुळे मोबाईल थोडा मागे राहिला होता. चुकायचं तर तेही नीट मोजून चुकायला हवं होतं.

"पुन्हा," मी म्हटलं. "सी मफद्दल, तिथे कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात घड्याळ आहे. त्याचं मिनिट बदललं की 'हां' म्हणा. आधी नाही, नंतर नाही."

सी मफद्दल कॉम्प्युटरवर वाकले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. आम्ही थांबलो. मिनिट संपता संपेना.

"हां!"

मी बटण दाबलं. झुहैरने हाक मारली. मी आकडे वाचले. तो एकेक आकडा दाबताना ओठ हलवत होता. आकडे मोजत होता की दुआ मागत होता, मी विचारलं नाही.

काळ्या खिडकीत मशीनचं नाव आलं आणि त्यापुढे छोटासा चौकोन लुकलुकायला लागला. आम्ही आत होतो.

"हात लावू नकोस," मी झुहैरला म्हटलं, मग विचार बदलला. "नाही, तूच लाव."

त्याने घड्याळ पुन्हा बाहेरच्या घड्याळांना जोडलं. मशीनने इकडेतिकडे पाहिलं, आपण एक तास पुढे आल्याचं तिला कळलं, आणि एकही शब्द न बोलता ती मागे आली. अजानची वेळ आम्ही तिघांनी पाळीपाळीने तपासली. बरोबर होती. झुहैरने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. सी मफद्दलनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "गाढव नाहीस रे तू." मग आपल्या खोलीत निघून गेले, मोबाईल घेऊन.

मी तोंड धुऊन आले. ताटल्या मांडल्या. खजूर, दूध, उकडलेली अंडी, माझ्या आईने दिलेल्या मधातल्या शबाकिया. थर्मासात हरिरा होता, रोजा सोडायचं आमचं सूप. झुहैर जागचा उठायला तयार नव्हता. मशीनच्या आत बसून राहिला होता. अजान वाजल्याची नोंद डोळ्यांनी पाहीपर्यंत मी बाहेर पडणार नाही, म्हणाला. मीही आग्रह केला नाही. अंगातली सगळी शक्ती गेली होती. सी मफद्दल बाहेर येऊन बसले, मोबाईल टेबलावर ठेवला, शेजारी सिगारेट, शेजारी काडेपेटी. सगळं ओळीत लावलं. मग आम्ही बसून राहिलो, पडदे ओढलेल्या त्या खोलीत, खजुरांकडे बघत.

आणि अजान झाली.

टेबलावरूनच झाली, सुंदर, खणखणीत. सी मफद्दलनी बिस्मिल्ला म्हटलं, खजूर तोंडात टाकला, चावला न चावला तोच काडी ओढली आणि असा एक झुरका घेतला की त्यांचे डोळे मिटले. मी खजूर खाल्ला आणि दुधाचा पेला अर्धा केला. इतकं गोड दूध मी वर्षभरात प्यायले नव्हते.

"झुहैर, खा आधी," मी खजुराची ताटली त्याच्यापुढे केली. "मग बघ तुझं ते."

त्याने खजूर घेतला. तोंडापाशी नेला. पण डोळे कॉम्प्युटरच्या पडद्यावरच होते.

"लल्ला बतूल," तो म्हणाला, "मशीन म्हणते अजून तास आहे."

"मशीनला काय कळतं?" सी मफद्दल धूर सोडत म्हणाले.

मी भिंतीकडे पाहिलं. उन्हाची रेघ तिथेच होती. उठून पडदा सारला. बाहेर सूर्य होता, अख्खा, बाजारातल्या छपरांच्या बराच वर. खाली लोक रिकाम्या पोटी भांडत भांडत ब्रेड विकत घेत होते. कुठल्याही मशिदीतून आवाज नव्हता. मी वळून टेबलावरच्या मोबाईलकडे पाहिलं, आणि मग सी मफद्दलनीही पाहिलं. आमच्या गडबडीत त्याचं घड्याळ परत मागे करायचं राहून गेलं होतं. मोबाईल बिचारा नव्या वेळेप्रमाणे अजान वाजवून मोकळा झाला होता.

सी मफद्दलनी सिगारेट विझवली. फार हळू विझवली. आता खरी अजान होईपर्यंत पुन्हा उपाशी बसायचं आणि रमजाननंतर हा दिवस भरूनही द्यायचा. मी पेला उलटा ठेवला. झुहैरने खजूर अलगद ताटलीत परत ठेवला. तो हसला नाही, यासाठी मी त्याला जन्मभर दुवा देईन.

"हे या खोलीबाहेर जाणार नाही," सी मफद्दल म्हणाले.

मी पडदा पुन्हा ओढून घेतला. रेघ भिंतीवरून छतापर्यंत गेली, फिकट झाली, गेली. मग गावातल्या एका मशिदीतून आवाज उठला, दुसऱ्या मशिदीतून, आणि त्याच वेळी काळ्या खिडकीत एक ओळ आली: हॉलमध्ये अजान वाजली. झुहैरने तेव्हा कुठे खजूर तोंडात टाकला. चावताना त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्याने पुसलेही नाहीत.

हरिरा संपत आला असताना त्याचा फोन वाजला. नंबर कारखान्याच्या फाटकाचा. त्याने घाबरून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, वाईट बातमी असेल तर तिघांना मिळून ऐकू यावी म्हणून. पण बोलत होती मबारका.

"बाळा, बा अल्लालचा फोन घेतलाय, सुट्टी संपत आलीय. ऐक. सोडला मी रोजा. खजूर काय गोड निघाले रे! आम्ही सगळ्या ओळीने बसलो होतो. अजान झाली तशी मी म्हटलं, बायांनो, इथे आत सूर्य कोण मावळवतो माहीत आहे का? माझा झुहैर मावळवतो. सगळ्यांनी तुला दुवा दिलीय." मग तिचा आवाज बारीक झाला. "मागच्या वर्षी वाटलं होतं, संपलं आता."

झुहैर "हो आई," एवढंच म्हणाला.

"आणि हा बा अल्लाल काय म्हणतो, तुमच्या ऑफिसातली कुणी बाई फोनवर म्हणे रोजा सोडू नका म्हणत होती. भ्रमिष्ट झालीय का?"

"उपाशी होती, आई."

मी त्याच्याकडे डोळे वटारले.

"आणि सी मफद्दल कसे आहेत? सिगारेटवाल्या माणसाला पहिला दिवस फार जड जातो रे. त्यांचा रोजा वेळेवर सुटला ना?"

सी मफद्दलनी हातातला चमचा खाली ठेवला आणि झुहैरकडे असं पाहिलं, जसं दार बंद करणाऱ्या मशीनकडेही कुणी पाहिलं नसेल. झुहैरने क्षणभर विचार केला. आईशी तो खोटं बोलत नाही.

"हो आई," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी सुटला."